दादा म्हणतो, याला संशोधन म्हणत नाहीत

ताई,
मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे संशोधनात जायचं हे नक्की, पण कशात, तेच ठरत नाही. गेली तीन वर्षं मी एक वही ठेवली आहे. कुठे काही संशोधनाबद्दल वाचलं की त्यात टिपून ठेवते. त्यात गुरुत्वीय लहरी आहेत, किमान वेतनावरचा एक अभ्यास आहे, लहान मुलांच्या संयमाचा तो मार्शमेलोचा प्रयोग आहे आणि एका जुन्या चित्राच्या क्ष-किरण तपासणीची हकिकतही आहे. माझा दादा भौतिकशास्त्रात पीएच.डी. करतो. त्याने वही चाळली आणि म्हणाला, “पहिलं पान संशोधन. पुढची सगळी मतं.” आमच्या विभागातल्या बाई म्हणाल्या, “चारी दिशांना तोंडं करून कुणी संशोधक होत नाही.” दोघांचंही बोलणं मनाला लागलं. त्यात मार्शमेलोचा प्रयोग, जो मला सगळ्यात आवडला होता, तो पुढे तितकासा टिकला नाही असं वाचलं. मग वाटायला लागलं, दादाचंच खरं असेल. या सगळ्याला खरंच एकच नाव देता येतं का? आणि मी निवडू कशी?
तुमची, वहीवाली

प्रिय वहीवाली,

तुझं पत्र वाचून मी आधी दादाच्या बाजूने विचार करून पाहिला. तो महिनोन् महिने एका रीडिंगच्या मागे असेल. आलेला आकडा खरा की उपकरणाचा दोष, या शंकेने त्याची झोप उडत असेल. असा माणूस जेव्हा ‘या चित्रात एकाकीपण आहे’ हे वाक्य संशोधन म्हणून वाचतो, तेव्हा त्याला राग येणं मी समजू शकते. त्याच्या रागामागचा प्रश्न चांगला आहे: उद्या कुणी काहीही म्हणालं तर त्याला अडवणार कोण? हा प्रश्न आपण त्याच्याकडून घेऊ आणि त्याच्या शाखेसकट सगळ्यांना विचारू.

मी स्वतः संशोधक नाही. पण बावीस वर्षं मी एका विद्यापीठाच्या प्रकाशन विभागात मुद्रितं तपासली. सकाळी टेबलावर रसायनशास्त्राचा प्रबंध, दुपारी अर्थशास्त्राच्या जर्नलचा अंक, संध्याकाळी मूर्तिशास्त्रावरचे लेख. या कामात मला एक सवय लागली. निष्कर्षाचं प्रकरण मी शेवटी ठेवायची आणि पद्धतीचं प्रकरण आधी काढायची, कारण लेखक कशाला घाबरतो ते तिथे कळायचं. रसायनवाल्याला नमुन्यातल्या अशुद्धतेची भीती. अर्थशास्त्रवाल्याला ही भीती, की मी ज्या दोन गोष्टींचा संबंध जोडतोय त्या दोन्ही भलत्याच तिसऱ्या कारणाने तर घडत नसतील? मानसशास्त्रवालीला, मला काय ऐकायचंय ते समोरच्याने ओळखलं तर? मूर्तिशास्त्रवाल्या सरांना, हा हात मागाहून बसवलेला निघाला तर? चौघांची भीती वेगळी, म्हणून तिच्यावर काढलेला तोडगाही वेगळा. मला विचारशील तर शाखा ओळखायची खूण हीच. माणूस कुठे चुकू शकतो याचा जिने कसून विचार केला आणि ती चूक पकडायची रीत बसवली, ती संशोधनाची शाखा. हे जिथे दिसत नाही, तिथे कितीही आकडे असोत, मला ते मतच वाटतं.

दादाच्या पानापासून सुरुवात करते. गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाशाचंच ताणणं-आखडणं, पहिल्यांदा टिपली गेली ती १४ सप्टेंबर २०१५ ला, हे तू लिहिलं असशीलच. त्या टिपणाऱ्या लायगो या अमेरिकेतल्या प्रकल्पाच्या दोन वेधशाळा, मध्ये सुमारे तीन हजार किलोमीटरचं अंतर, प्रत्येकीच्या भुजा चार किलोमीटर लांब, आणि त्या लांबीत मोजायचा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतका बारीक. पण माझ्या मते त्या प्रकल्पाची खरी थोरवी पाच वर्षं आधीच्या एका प्रसंगात आहे. सप्टेंबर २०१० मध्ये यंत्रणेत एक देखणा संकेत दिसला. शेकडो माणसांनी जवळजवळ सहा महिने त्याचं विश्लेषण केलं, पेपर लिहून तयार झाला. मार्च २०११ मध्ये सगळे जमले, बंद ठेवलेली माहिती उघडली, तेव्हा कळलं की संकेत बनावट आहे. त्यांच्यातल्याच मोजक्या सहकाऱ्यांनी तो गुपचूप यंत्रणेत घातला होता. असं केलं जाऊ शकतं हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि मान्यही होतं. खरी लहर आली तर आपल्याला ती सापडेल का, आणि सापडल्यावर आपण तिची नीट उलटतपासणी करू का, हे त्यांना स्वतःवरच तपासून बघायचं होतं. सहा महिन्यांची मेहनत हे कळण्यासाठी खर्ची घालणारी माणसं मला फार मोठी वाटतात. दादाला या परंपरेचा अभिमान असेल तर तो रास्तच आहे.

मात्र त्याच्या शाखेला एक सवलत मिळालेली आहे. इलेक्ट्रॉन कुठलाही घ्या, तो दुसऱ्या इलेक्ट्रॉनसारखाच असतो. आणि प्रश्न विचारणाऱ्याला खूश करावं असं त्याला वाटत नाही.

हान्स नावाच्या घोड्याची गोष्ट तुझ्या वहीत नसेल तर आजच लिही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत फोन ओस्टेन नावाच्या गृहस्थांकडे हा घोडा होता. बेरीज विचारली की तो टापा आपटून उत्तर द्यायचा, आणि बरोबर द्यायचा. १९०४ मध्ये तज्ज्ञांची समिती बसली. तिला लबाडी सापडली नाही, कारण लबाडी नव्हतीच. मालकाचा आपल्या घोड्याच्या बुद्धीवर मनापासून विश्वास होता. मग ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने चिकाटीने एकेक गोष्ट बदलून पाहिली. मालकाऐवजी दुसऱ्याने विचारलं, तरी घोडा बरोबर. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं, की घोडा चुकला. विचारणारा दिसू नये म्हणून झापडं लावली, पुन्हा चुकला. उलगडा असा झाला, की प्रश्न विचारून झाला की माणूस नकळत किंचित पुढे वाकतो, आणि टापांची संख्या बरोबर आकड्यावर आली की नकळतच डोकं जरासं वर उचलतो. घोडा ती हालचाल वाचत होता. आणि कळस म्हणजे, हे सगळं कळून चुकल्यावरही फुंग्स्टला स्वतःची ती हालचाल पुरती थांबवता येईना.

वर्तनाचा अभ्यास करणाऱ्यांच्या भीतीचा जन्म मला या घोड्यात दिसतो. प्रयोग घेणाऱ्यालाही कुठली गोळी खरी आणि कुठली नुसती साखरेची हे माहीत नसावं, हा औषधांच्या चाचणीतला नियम याच भीतीवरचा उतारा आहे. तोडगा निघायला वेळ लागतो, आणि निघाल्यावरही तो सगळीकडे पाळला जातोच असं नाही. तुझ्या मार्शमेलोच्या प्रयोगाचं तेच झालं. आत्ता एक खाऊ घे, किंवा थोडं थांब आणि दोन घे. थांबणारी मुलं पुढे आयुष्यात जास्त यशस्वी होतात, असा तो निष्कर्ष जगभर गेला. पण त्या मुलांच्या पुढच्या आयुष्याबद्दलचे ज्या आकड्यांनी नाव कमावलं ते शंभराहून कमी मुलांचे होते, आणि सगळी मुलं एकाच विद्यापीठाच्या बालवाडीतली. २०१८ मध्ये नऊशेहून अधिक, वेगवेगळ्या थरांतल्या मुलांची माहिती घेऊन हे पुन्हा पाहिलं गेलं. संबंध सापडला, पण जुन्याच्या निम्म्याने. घरची परिस्थिती, आईचं शिक्षण वगैरे हिशेबात धरल्यावर त्यातलाही बराचसा विरघळला.

तुला वाईट वाटलं ते मला कळतं. आवडती गोष्ट अशी हातातून गळताना बघवत नाही. पण हे कुणी केलं ते बघ. बाहेरून कुणी भौतिकशास्त्रज्ञ येऊन मानसशास्त्र उघडं पाडून गेला नाही. त्या शाखेतल्याच लोकांनी केलं. २०१५ मध्ये तर त्यांनी आपल्या नामांकित जर्नलांतले शंभर अभ्यास निवडले आणि पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत ठळक परिणाम दिसल्याचा दावा होता. दुसऱ्या वेळी तो दिसला फक्त ३६ टक्क्यांत. हा आकडा त्यांनी स्वतः छापला. शंभर वर्षांची प्रतिष्ठा पणाला लावून आपल्याच घराची झडती घेणाऱ्या शाखेला मी ‘मतांची शाखा’ म्हणायला तयार नाही. टिकलेले निष्कर्ष आज पूर्वीपेक्षा जास्त भरवशाचे आहेत, ते याच झडतीमुळे.

अशीच आणखी एक शंका काढली गेली, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. माणूस असा वागतो असं आपण म्हणतो, तेव्हा कोणता माणूस? बहुतेक वेळा विद्यापीठातला, सहज हाताशी असलेला विद्यार्थी. म्हणून मानववंशशास्त्रज्ञ जोसेफ हेनरिक आणि त्याच्या मानववंशशास्त्रज्ञ, अर्थतज्ज्ञ सहकाऱ्यांनी एक साधा खेळ पंधरा छोट्या समाजांत नेला. दोन अनोळखी माणसं. एकाला रक्कम मिळते, त्याने त्यातला काही वाटा दुसऱ्याला देऊ करायचा. दुसऱ्याने नाकारला तर दोघांनाही काही नाही. विद्यापीठांतले विद्यार्थी साधारण निम्म्याच्या आसपास देऊ करतात आणि फार कमी मिळालं तर रागाने नाकारतात. पेरूमधल्या माचिगेंगा लोकांनी सरासरी पाव हिस्सा देऊ केला आणि तोही बहुतेकांनी बिनतक्रार घेतला. इंडोनेशियातल्या लामालेरा गावच्या देवमासे पकडणाऱ्यांनी, ज्यांचं सगळं जगणंच वाटून घेण्यावर चालतं, निम्म्याहून जास्त दिलं. न्यू गिनीतल्या दोन समाजांत तर काहींनी निम्म्याहून मोठा वाटाही नाकारला, कारण तिथे मोठी भेट घेणं म्हणजे मोठं ओझं घेणं. हा अभ्यास अर्थशास्त्रातला, मानसशास्त्रातला की मानववंशशास्त्रातला? मला सांगता येणार नाही. तुझ्या वहीत तो कुठल्या पानावर लिहायचा हे तू ठरव.

आता किमान वेतन. अर्थशास्त्राची अडचण दादाला समजावून सांगायची असेल तर ती अशी: देश प्रयोगशाळेत घालता येत नाही. कामगारांचं किमान वेतन वाढवलं की मालक माणसं कमी करतात का? वेतन वाढल्यावर रोजगार घटला, तरी तो वेतनामुळे घटला की मंदीमुळे, कसं ठरवायचं? डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी वाट पाहिली आणि नेमकी जागा हेरली. १ एप्रिल १९९२ ला अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ केलं. सीमेपलीकडच्या पेनसिल्व्हेनियात ते ४.२५ च राहिलं. मंदी असली तर ती दोन्हीकडे सारखीच. दोघांनी वाढीआधी आणि वाढीनंतर, दोन्ही बाजूंच्या मिळून ४१० फास्ट फूड दुकानांकडून माणसांची संख्या विचारून घेतली. जिथे वेतन वाढलं तिथे रोजगार घटल्याचं दिसलं नाही. १९९४ मध्ये पेपर आला आणि वादळ उठलं. विरोधकांनी दुकानांच्या पगारपत्रकांवरून वेगळं उत्तर काढलं, या दोघांनी सरकारी नोंदींवरून प्रत्युत्तर दिलं. वाद अजून पुरता मिटलेला नाही. पण भांडायची पातळी बदलली. ‘मला वाटतं’ म्हणून चालेनासं झालं. तुलना कुणाशी केली, ते सांगावं लागायला लागलं. कार्ड यांना २०२१ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. क्रूगर त्याआधी दोन वर्षं गेले होते, याची मला आजही हळहळ वाटते.

या शाखेतलीच दुसरी एक हकिकत तुझ्यासारख्या विद्यार्थ्याची आहे, म्हणून सांगते. २०१० मध्ये दोन नामवंत अर्थतज्ज्ञांनी एक पेपर लिहिला: सरकारी कर्ज देशाच्या उत्पन्नाच्या ९० टक्क्यांपुढे गेलं की वाढ खुंटते, सरासरी उणे ०.१ टक्के होते. सरकारांनी खर्च आवरावा असं म्हणणाऱ्या राजकारण्यांनी तो पेपर उचलून धरला. पुढे थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला वर्गातला गृहपाठ होता: एखादा प्रसिद्ध पेपर घ्या आणि तेच उत्तर पुन्हा काढून दाखवा. त्याने हा घेतला. उत्तर जुळेना. त्याने लेखकांकडून मूळ एक्सेलची फाईल मागितली, आणि त्यांनी ती दिली, हेही लक्षात ठेव. सरासरीच्या सूत्रात पाच देश वगळले गेले होते. शिवाय काही वर्षांचे आकडे घेतलेले नव्हते, आणि कोणत्या देशाला किती वजन द्यायचं याचीही रीत शंकास्पद होती. २०१३ मध्ये त्याने आणि त्याच्या प्राध्यापकांनी सगळं दुरुस्त केलं तेव्हा उणे ०.१ च्या जागी अधिक २.२ आलं. लेखकांनी सूत्रातली चूक मान्य केली, बाकीच्या मुद्द्यांवर ते ठाम राहिले. बाईंना वाटतं संशोधन एका दिशेला तोंड केल्यावर सुरू होतं. या मुलाचं सुरू झालं ते गृहपाठातला आकडा जुळत नाही म्हणून गप्प न बसण्याने.

तुझ्या वहीतलं शेवटचं पान, ज्यावर दादा सगळ्यात जास्त नाराज असणार. तू चित्राचं नाव लिहिलेलं नाहीस, पण माझा अंदाज आहे की ते सतराव्या शतकातल्या डच चित्रकार व्हर्मीरचं असावं: उघड्या खिडकीशी उभी राहून पत्र वाचणारी तरुणी. १६५७ च्या सुमाराचं, ड्रेस्डेनच्या संग्रहालयातलं. तिच्यामागे मोठी कोरी भिंत. १९७९ मध्ये क्ष-किरणांत दिसलं, की त्या भिंतीवर आधी मदनाचं एक मोठं चित्र टांगलेलं रंगवलेलं होतं. व्हर्मीरनेच ते रंगवलं आणि मागाहून स्वतःच झाकलं असं सगळ्यांनी धरून चालायचं ठरवलं. कोऱ्या भिंतीची शांतता हा त्याच्या प्रतिभेचा पुरावा झाला. २०१७ मध्ये जुनं वार्निश काढायला सुरुवात झाली, तेव्हा भिंतीच्या जागचा रंग इतर रंगासारखा वागेना. नमुने घेतले. मूळ चित्र आणि वरचा लेप यांच्या मध्ये वार्निशचा आणि मळाचा थर होता. एवढा मळ साचायला दशकं जावी लागतात, आणि व्हर्मीर तर १६७५ मध्येच वारला. झाकणारा हात दुसऱ्याच कुणाचा. तो लेप सुरीने, भिंगाखाली, कणाकणाने खरवडून काढला, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये मदन लोकांसमोर आला.

इथपर्यंत दादा म्हणेल, हे रसायनशास्त्र झालं. मग पुढचं बघ. त्या मदनाच्या पायाखाली मुखवटे पडलेले आहेत. मुखवटे तुडवणारा मदन म्हणजे काय, हे सांगायला त्या काळातली चिन्हांची पुस्तकं वाचलेला माणूस लागतो: ढोंगावर मात करणारं खरं प्रेम. आता ती तरुणी कुठलं पत्र वाचते आहे, याचा अंदाज आपण करू शकतो. कोऱ्या भिंतीपुढे असा अंदाज करता येत नव्हता. मळाचा थर आणि मुखवट्यांचा अर्थ, दोन्हींपैकी एकही दुसऱ्याशिवाय पुरा पडला नसता. आणि कलेचे जाणकार चुकतात का? फार वाईट चुकतात. याच व्हर्मीरच्या नावावर व्हान मेगरेन याने विसाव्या शतकात स्वतः रंगवलेली चित्रं खपवली. १९३७ मध्ये त्यातल्या एकाला त्या विषयातल्या सर्वांत मोठ्या जाणकाराने अस्सल ठरवलं. १९४५ मध्ये, राष्ट्राचा ठेवा नाझी नेत्याला विकल्याच्या आरोपात अडकल्यावर, मेगरेनने स्वतःच कबुली दिली, की ही चित्रं आपणच रंगवली. तरी लोकांचा विश्वास बसेना, तेव्हा त्याला पहाऱ्यात आणखी एक चित्र रंगवून दाखवावं लागलं. मग तपासणीत रंगात बेकलाईटच्या जातीचं कृत्रिम राळ सापडलं, जे सतराव्या शतकात असणं शक्य नव्हतं. त्या फजितीनंतर ‘माझा डोळा सांगतो’ एवढ्यावर चित्र पक्कं करणं अवघड झालं.

साहित्याच्या बाजूची एकच गोष्ट सांगते, कारण ती माझ्या, मुद्रितं तपासणाऱ्या बाईच्या, काळजाजवळची आहे. महाभारताची चिकित्सक आवृत्ती भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ला सुरू झाली आणि १९६६ ला पुरी झाली. १,२५९ हस्तलिखितं, वेगवेगळ्या लिप्यांतली, ओळीला ओळ लावून पाहिली गेली. पद्धत बसवणारे वि. स. सुखटणकर १९४३ मध्येच गेले, काम पुढच्यांनी नेलं. या विद्येत पुरावा कशाचा वापरतात माहीत आहे? लेखनिकांच्या चुकांचा. दोन पोथ्यांत तोच विचित्र चुकीचा शब्द असला, तर त्या दोन्ही एकाच जुन्या पोथीवरून उतरल्या असण्याचा संभव मोठा. बरोबर शब्दावरून काहीच कळत नाही, तो कुणीही लिहील. आणि हाच विचार जीवशास्त्रज्ञ प्राण्यांची वंशावळ लावताना करतात: समान बदल, समान पूर्वज. १९९८ मध्ये तर जीवशास्त्रज्ञांचं वंशावळ काढायचं तंत्र वापरून चॉसरच्या इंग्रजी काव्यातल्या एका भागाची ५८ हस्तलिखितं त्यांच्या मूळ घराण्यांत लावली गेली आणि तो पेपर विज्ञानाच्या जर्नलमध्ये छापून आला. दादाला हे वाचायला दे. त्याला आवडेल असं मला खरंच वाटतं.

एक गोष्ट मात्र तुझ्यापासून लपवणार नाही. सगळ्या शाखांचं उत्तर सारखंच पक्कं असतं असं नाही. मळाच्या थरावरून काढलेला निष्कर्ष जितका पक्का, तितका मुखवट्यांच्या अर्थावरून काढलेला नाही. ४१० दुकानांचं उत्तर लायगोच्या आकड्याइतकं पक्कं कधीच होणार नाही, कारण माणसं उद्या वेगळी वागू शकतात. तुला जर रात्री झोपताना ‘हे आता ठरलं’ असं म्हणता यायला हवं असेल, तर वर्तनाच्या किंवा कलेच्या अभ्यासात तू दुःखी होशील. हे वाईट नाही, हा स्वभाव झाला. काहींना उत्तर अर्धवट उघडं असलेलंच बरं वाटतं.

शाखांच्या चालीरीतीही आधी विचारून घे, नंतर धक्का बसतो. लायगोच्या पेपरवर हजाराहून जास्त नावं आहेत. तुझं नाव त्यात कुठेतरी असेल. प्रयोगशाळेच्या विज्ञानात पहिलं नाव राबणाऱ्याचं आणि शेवटचं बहुधा प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं. अर्थशास्त्रात नावं सहसा वर्णानुक्रमाने. कलेच्या इतिहासात तू वर्षानुवर्षं एकटी आणि शेवटी एक पुस्तक.

निवडायचं कसं, तर निष्कर्ष बाजूला ठेव आणि रोजचं काम बघ. वहीत तू फक्त निष्कर्ष लिहिलेस, कारण वाचायला तेच मिळतात. पण संशोधकाचे दिवस निष्कर्षात जात नाहीत. दोनशेव्या माणसाला पहिल्याला विचारला तसाच, त्याच आवाजात प्रश्न विचारायचा असतो. आकड्यांच्या फाईलमध्ये ‘माहिती नाही’ च्या जागी कुणी शून्य टाकलंय का, ते दिवसभर शोधायचं असतं. तीन आठवडे अक्षर लागत नाही अशा पोथीपुढे बसायचं असतं. कंपनाने रीडिंग हलतंय म्हणून सगळी मांडणी उतरवून पुन्हा चढवायची असते. माझ्याकडे येणाऱ्या प्रबंधांत मला एक फरक लगेच कळायचा: काहींनी हे काम सोसलेलं असायचं, आणि काहींना त्यात गोडी लागलेली असायची. ज्यांना गोडी लागली त्यांच्या तळटिपा लांब असायच्या.

म्हणून या सुट्टीत एक कर. वहीतल्या प्रत्येक नोंदीखाली आणखी एक ओळ लिही: या माणसांना कशाची भीती होती, आणि त्यांनी तिच्यावर काय केलं. मूळ पेपर मिळाला तर फक्त पद्धतीचा भाग वाच. जिथे ही ओळ सापडत नाही ते पान खुशाल खोड. दादा काही ठिकाणी बरोबर निघेल. मग ज्याचा डेटा खुला आहे असा एक पेपर घे आणि हर्नडनने केलं तसं त्यातला एक तक्ता स्वतः पुन्हा काढ. आणि एखाद्या संग्रहालयातल्या किंवा ग्रंथालयातल्या जाणकाराकडे आठवडाभर नुसतं बसायची परवानगी माग. दोन्ही करून झाल्यावर कोणत्या कामात जेवायची वेळ टळली ते बघ.

बाईंचं म्हणणं अर्धं मान. पीएच.डी. एका प्रश्नावरच करावी लागते, आणि त्या चार-पाच वर्षांत मन इकडेतिकडे गेलेलं परवडत नाही. पण एक प्रश्न म्हणजे एकच शाखा, असं नाही. हर्बर्ट सायमन यांनी डॉक्टरेट घेतली राज्यशास्त्रात, काम केलं निर्णय कसे घेतले जातात यावर, १९७५ मध्ये संगणकशास्त्राचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला आणि १९७८ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल. शाखा बदलत राहिल्या, प्रश्न आयुष्यभर तोच होता. एलिनॉर ऑस्ट्रम राज्यशास्त्राच्या. गावकरी सामायिक कुरणं, पाणी, जंगलं कशी सांभाळतात हे पाहत राहिल्या आणि २००९ मध्ये अर्थशास्त्राच्या नोबेलपर्यंत पोचल्या. तुझ्या वहीतल्या चार पानांखालून एखादा प्रश्न वाहतो आहे का, ते मला इथून दिसत नाही. तुला दिसेल. मला एवढंच जाणवलं, की चारपैकी तीन पानांवर काहीतरी झाकलेलं होतं आणि ते कुणीतरी उघडं केलं.

दादाला आज रात्री एक विचार. त्याच्या प्रयोगात कोणतं रीडिंग आलं तर तो आपलं म्हणणं मागे घेईल? तो यावर अर्धा तास बोलेल, बोलू दे, नीट ऐकून घे आणि लिहून ठेव. मग त्याच्यासमोर चित्राचं पान उघड आणि मळाच्या थराची गोष्ट सांग. तो काय म्हणाला ते मला कळव.

तुझी,
ताई